आधी सरळ, मग पेढा

माणसाचा स्वभाव चेहऱ्यावरून कळतो म्हणतात. मी तो नाकपुड्यांवरून ओळखायला शिकले. जन्मापासून माझ्या स्नायूंत बळ कमी होते. मान धरायची, पण थोडाच वेळ. पाठ तर टेकूशिवाय उभी राहायचीच नाही. त्यामुळे येडगावच्या आमच्या घरात, ओसरीवरच्या खिडकीखाली टाकलेल्या खाटेवर, मी माझे बालपण बहुतेक उताणे काढले. येणारा प्रत्येक जण माझ्यावर वाकायचा, 'काय नंदाबाई, बरं हाय का?' असे आढ्याकडून बोलल्यासारखे बोलायचा आणि उत्तराची वाट न बघता आईकडे वळून विचारायचा, 'जेवती का नीट?' जेवते की नाही हे मला ठाऊक असायची शक्यता त्यांना कधी वाटलीच नाही. रागीट माणसाच्या नाकपुड्या बोलण्याआधी फुलतात, खोटे बोलणाऱ्याच्या आत ओढल्या जातात आणि दयाळू माणसे इतकी जवळ येतात की त्यांनी सकाळी कांदा खाल्लाय की लसूण, तेही समजते. हे शास्त्र मी तेव्हाच पुरे केले. पुढे पुष्कळ पुस्तके वाचली, पण त्यात भर पडावी असे फारसे काही हाती लागले नाही.

घरात आम्ही चौघे. अण्णा, म्हणजे माझे वडील, कमी बोलणारे. त्यांचा दिवस टोमॅटोच्या शेतात आणि धरणाच्या काठावर बसवलेल्या पाण्याच्या मोटरीजवळ जायचा. लाइट आली की लांबून मोटरीची घरघर सुरू व्हायची आणि लाइट गेली की ती अशी थांबायची, की घरातली सगळी माणसे बोलता बोलता गप्प व्हायची. आई चुलीशी. तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजावरून मी तिची मनःस्थिती ओळखत असे. आणि तात्या, अण्णांचे थोरले भाऊ, घरचे कर्ते. काकू माझ्या जन्माआधीच वारल्या होत्या आणि त्यांची एकुलती मुलगी पेठ गावात दिली होती. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आई थोरल्या दिराशी थेट बोलत नसे. ती माझ्याशी बोलायची आणि ते तात्यांनी ऐकायचे. 'नंदे, तात्यांना सांग, पाणी तापलंय.' तात्या दोन हातांवर बसलेले असायचे. मग तात्या म्हणायचे, 'सांग तुझ्या आईला, येतो म्हणावं.' अशा रीतीने मी जागची न हलता घरातला सगळा पत्रव्यवहार सांभाळत होते. त्यातला गमतीचा भाग म्हणजे आई मला जे सांगायची त्यात कधी कधी माझी भर पडायची आणि दोन्हीकडच्यांना ते माहीत असूनही रीतीपुढे कुणाचे काही चालत नसे.

तात्या सोसायटीचे चेअरमन होते, मग माजी चेअरमन झाले, आणि माझ्या मते माजी झाल्यावर ते जास्त चेअरमन झाले. पद असताना निदान कामे असतात. पद गेल्यावर नुसते सत्कार उरतात. त्यांच्या कपाटात शालींचा ढीग होता. नारळ आमच्या घरात विकत आणल्याचे मला आठवत नाही. आमच्या आमटीतले खोबरे हे नेहमी कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमातून आलेले असायचे. गावात बोअरला पाणी लागो, कुणाचा मुलगा पोलिसात भरती होवो, मेंढरे घेऊन खाली उतरलेल्या धनगरांचा वाडा आमच्या रानात बसो, तात्या एक टेबल, एक सतरंजी आणि एक माइक यांची व्यवस्था करीत. पांढऱ्या धोतराला कडक इस्त्री आणि डोक्याला कोशाचा फेटा. डॉक्टरांनी त्यांना साखर बंद केली होती, म्हणून आई गुळाचा डबा तांदळाच्या कणगीत लपवायची. पण सत्काराचा पेढा हा तात्यांच्या मते साखरेत मोडत नव्हता. तो मान होता, आणि मानाने रक्तातली साखर वाढत नाही अशी त्यांची ठाम समजूत होती.

दहावीचे पेपर मी शाळेने दिलेल्या सतरंजीवर कुशीवर पडून लिहिले. पास झाले. नुसती झाले नाही, तर बरी झाले. इतकी की तात्यांनी सत्कार ठेवला आणि त्यात स्वतःच दोन वेळा भाषण केले. मग मी म्हणाले, मला नारायणगावच्या कॉलेजात जायचे आहे. घरात लाइट गेल्यासारखी शांतता पसरली. अण्णा एकटेच जाऊन प्राचार्यांना भेटून आले. संध्याकाळी शेंगोळ्यांचे ताट मांडीवर घेऊन ते म्हणाले, 'घेतो म्हनले. पन पोरीला दिवसभर बसता आलं पाह्यजे. आडवं पडून वर्ग न्हाई करता येनार.' अण्णांनी आयुष्यात मला दिलेल्या बातम्यांमध्ये ती सर्वांत लांब होती. मला तासाभरापलीकडे बसता येत नव्हते. साध्या खुर्चीत बसवले की मी हळूहळू खाली घसरायचे, मान एका बाजूला पडायची, आणि माकडहाड असे दुखायचे की समोर प्रत्यक्ष ब्रह्मदेव शिकवायला आला असता तरी मी त्याला थोडे थांब म्हणाले असते.

अशात नारायणगावात कुठल्याशा संस्थेने अपंगांसाठी शिबिर भरवले. तिथे परदेशातून आलेल्या, कुणीतरी वापरून झालेल्या खुर्च्या वाटत होते. माझ्या वाट्याला आली ती कलती खुर्ची. चाकांची खुर्ची गावाने पाहिली होती, पण ही वेगळी होती. मागच्या दांडीजवळचा लिव्हर दाबला की पाठ आणि बैठक यांचा कोन तसाच राहायचा आणि सगळी बैठकच पाळण्यासारखी मागे कलायची. पाय वर, डोके खाली, आणि बुडावरचा सगळा भार पाठीवर. थोडा वेळ तसे राहायचे, मग पुन्हा सरळ. अशी आलटून पालटून मी त्या शिबिरात अख्खी दुपार बसून राहिले आणि माझे दुखलेच नाही. हाताच्या पट्टीवर आधीच्या मालकाने एका मांजराचे चित्र चिकटवले होते. त्याचे कान झिजले होते. कोण होती किंवा होता, कुणास ठाऊक. पण बोटांनी त्या मांजराचे कान झिजवत बसलेल्या त्या माणसाशी माझे लगेच जमले.

पुण्याहून आलेली फिजिओथेरपिस्ट मुलगी वयाने माझ्याहून फार मोठी नव्हती. तिने आईला सगळे दाखवले आणि आईकडून करून घेतले. कलवायच्या आधी बसलेल्याला सांगायचे. जागा सपाट बघायची, दोन्ही ब्रेक लावायचे. कमरेचा पट्टा बांधलेला हवा, हात पट्टीच्या आत, कारण बैठक फिरते तिथे सांध्यात बोट सापडते. मागची दोन लहान चाके खाली आहेत ना ते बघायचे. खुर्ची मागे उलटू नये म्हणून ती असतात. आई त्यांना पिल्ले म्हणायला लागली. दांडीला पिशव्या अडकवायच्या नाहीत. लिव्हर हळू दाबायचा, सोडल्यावर घट्ट बसला की नाही हलवून बघायचे. 'आणि सगळ्यात महत्त्वाचं काकू,' ती मुलगी म्हणाली, 'मागे कललेली असताना काहीही खायला-प्यायला द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. आधी सरळ, मग घास. हिचा खोकला कमजोर आहे, अडकलं तर हिला काढता येणार नाही.' आई मान डोलावत होती आणि ओठांतल्या ओठांत सगळे पुन्हा म्हणत होती. तात्या त्या वेळी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला माइकवाल्याला आवाज कसा लावायचा ते समजावत होते.

खुर्ची घरी आली. आठवडाभर मी ओसरीवर बसले, अंगणात बसले, स्वयंपाकघराच्या दारात बसले. आईला भाकरी करताना मी पहिल्यांदा समोरून पाहिले. तोवर मला फक्त आवाज ठाऊक होता. माणसांना हनुवट्या आणि कपाळेही असतात हे ध्यानात आले. तात्या मात्र अस्वस्थ होते. एवढी मोठी वस्तू घरात आली आणि कुणी दिलीच नाही, म्हणजे काय? शिबिरात दिली, पण ती गर्दीत, शंभरांत एक. तात्यांनी ठरवले की खुर्ची पुन्हा एकदा द्यायची, रीतसर, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते. पंचायत समितीतले एक साहेब यायचे ठरले. त्यांचे नाव मला आठवते, पण ते आता हयात नाहीत आणि हयात असताना त्यांनी केलेल्या भाषणांची पुरेशी शिक्षा श्रोत्यांनी भोगली आहे, म्हणून ते इथे लिहीत नाही.

ज्या खुर्चीत मी आठवडाभर बसले होते ती मला मिळावी म्हणून मला आधी तिच्यातून उतरवावे लागले. शाळेच्या पटांगणात मंडप घातला होता. मला शिक्षकांच्या खोलीत बाकावर आडवी ठेवले, आणि खुर्ची टेम्पोतून वाजत आणली. हळद-कुंकू लागले, चाकाखाली नारळ फुटला, गाडीला बांधतात तशी लिंबू-मिरची लटकली. मग साहेब आले, उशिरा. मग भाषणे झाली. मग मला उचलून आणून खुर्चीत बसवले आणि माझ्याच खुर्चीचे मला प्रदान झाले. टाळ्या वाजल्या. कमरेचा पट्टा तात्यांनी सोडायला लावला होता, फोटोत तो बरा दिसत नाही म्हणून; आणि सोडलेल्या जागेवर शाल पांघरली, म्हणजे सगळेच झाकले गेले.

माइक अजून साहेबांच्या हातात होता. त्यांनी मोठ्या मनाने विचारले, 'ही मागे जाते म्हणं? दाखवा की लोकांना.' तात्यांनी फेटा सावरला, पुढे झाले आणि लिव्हर दाबला. मला कुणी सांगितले नाही. क्षणात समोरची सगळी माणसे माझ्या पायांखाली गेली आणि वर मंडपाचे कापड आले, ज्यावर मंडपवाल्याचा फोन नंबर उलटा छापलेला होता. दचकून माझे तोंड उघडे राहिले. गाव खूष झाले. साहेब हार घेऊन आले, पण डोक्याच्या टेकूमुळे हार गळ्यात जाईना. 'राहू द्या, हिथं शोभतो,' म्हणत तात्यांनी तो मागच्या दांडीवर गुंडाळला. झेंडूचा, मनगटाएवढा जाड. मग तोंड गोड करायचे ठरले. मोठ्या माणसाच्या हातचा पेढा नाकारायचा नसतो हे मला शिकवलेले होते, आणि तोंड तर आधीच उघडे होते. साहेबांनी पेढा अख्खा आत ठेवला.

तो जिभेवर थांबलाच नाही. सरळ मागे घरंगळला आणि घशात बसला. मला श्वास घेता येईना आणि खोकताही येईना. आश्चर्य असे की मला ते सगळे अगदी स्वच्छ ऐकू येत होते. फोटोवाला म्हणत होता, 'साहेब, फ्लॅश उडाला न्हाई. एकदा परत, प्लीज.' साहेबांनी दुसरा पेढा उचलला. साहेबांच्या नाकपुड्या, जवळून पाहता, खरोखर प्रसन्न होत्या. त्यांना वाटत होते मी भारावून गेले आहे. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होते, आणि समोरच्या रांगेतल्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, 'बघ की गं, लेकराला भरून आलं.'

आईला मात्र मागच्या रांगेतूनही कळले. बायकांच्या बाजूने ती कशी आली ते मी पाहिले नाही. तिच्या बांगड्या ऐकल्या. तिने साहेबांचा हात बाजूला सारला आणि लिव्हर दाबला. लिव्हर दबेना. हाराची झेंडूची फुले लिव्हर आणि दांडी यांच्या फटीत चेपून बसली होती. तात्या म्हणाले, 'अगं अगं, मानाचा हार हाय त्यो!' आईने तो मानाचा हार दोन्ही हातांनी ओरबाडला. पिवळ्या पाकळ्या माझ्या तोंडावर पडल्या. लिव्हर दबला, मी वर आले, पट्टा नसल्याने पुढे घसरले, आईने एका हाताने मला छातीशी धरले, मान खाली केली आणि दुसऱ्या हाताने खांद्यांच्या मधे अशा थापा घातल्या, की मला भाकऱ्या आठवल्या. पेढा बाहेर आला आणि साहेबांच्या बुटावर पडला. साहेबांनी तोवर माइक घाबरून टेबलावर ठेवला होता, चालूच. त्यामुळे माझा पहिला श्वास आणि त्यामागून आईचा आवाज धरणाच्या पलीकडच्या काठापर्यंत गेला. 'आधी सरळ करा, तात्या! आधी सरळ करा, मग घाला! मारता का माझ्या पोरीला?'

गावाने इतके स्पष्ट भाषण त्या पटांगणात पूर्वी ऐकले नव्हते. आभारप्रदर्शन झाले नाही.

मला वाटले होते आता तात्यांना समजेल. माणसे काय समजून घेतात याविषयी माझे अंदाज त्या वयात फार आशावादी होते. घरी आल्यावर तात्यांनी फेटा उतरवला, मला डोळे भरून पाहिले (ते खरोखर घाबरले होते, यात शंका नाही) आणि निकाल दिला. 'ही खुर्ची घरात नको. पोरीच्या जिवावर उठली व्हती.' दोष पेढ्याचा निघाला असता तर तो साहेबांपर्यंत गेला असता. हाराचा निघाला असता तर तात्यांपर्यंत. खुर्चीला बोलणारे कुणी नव्हते. दुसऱ्या दिवशी ती टोमॅटोच्या कॅरेटांच्या शेडमध्ये गेली, प्लास्टिकचा कागद पांघरून. मी पुन्हा खाटेवर आले, आढ्याखाली. कॉलेज सुरू व्हायला थोडे दिवस उरले होते. कुणी येऊन वाकले की मला आता नाकपुड्यांपलीकडेही चेहरा असतो हे ठाऊक होते, आणि ते ठाऊक असणे जास्त वाईट होते. अण्णा रोज शेडमध्ये जाऊन त्या खुर्चीवरची धूळ पुसत होते. ते मला आईने सांगितले. तात्यांना कुणी काही सांगितले नाही. मंडपातल्या त्या वाक्यानंतर आई पुन्हा रीतीत परतली होती. 'नंदे, तात्यांना सांग, ताट वाढलंय.' तात्याही खाली बघून जेवत.

शेवटी मीच बोलले. तात्यांना चुकले म्हणण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना त्यांच्या पदाची आठवण करून दिली. 'तात्या, उद्या कुणी विचारलं की चेअरमनसायबांनी खुर्ची का बंद केली, तर तुम्ही काय सांगणार? तुम्ही स्वतः बसून तपासणी केलीय का?'

'तपासनी?' तात्यांनी चष्मा काढला. हा शब्द त्यांना आवडत असे.

'तुम्ही बसल्याशिवाय निर्णय पक्का कसा धरायचा?'

दुपारी खुर्ची ओसरीवर आली. तात्या फेटा घालून बसले. तपासणी बोडक्या डोक्याने कशी करणार. मी खाटेवरून सांगत गेले आणि आई करत गेली. दोन्ही ब्रेक. कमरेचा पट्टा. हात आत. पिल्ले खाली. 'आई, तात्यांना सांग, आता मागे जातायत.' 'नंदे, तात्यांना सांग, घाबरू नका म्हनावं.' 'मी काय घाबरनार?' असे तात्या म्हणाले, आणि त्यातला 'घाबरनार' त्यांनी आढ्याकडे बघत पुरा केला. फेटा टेकूला अडून डोळ्यांवर आला. पाय वर, वहाणा हवेत. माजी चेअरमनपदाचा इतका संपूर्ण देखावा मी दुसरा पाहिला नाही.

आणि त्याच वेळी अंगणात मोटरसायकल थांबली. पेठचे व्याही. तात्यांच्या मुलीचे सासरे. गावोगाव सत्कारात तात्यांच्या तोडीस तोड असलेला माणूस. आईने डोक्यावर पदर घेतला आणि रीतीप्रमाणे पाणी आणायला आत गेली. तात्यांना तसेच ठेवून. ती विसरली, की विसरली नाही, हे मी तिला पुढे पुष्कळदा विचारले. ती म्हणायची, 'पावणं आल्यावर पानी नको का द्यायला?'

व्याही ओसरीच्या पायरीवरच थबकले. त्यांनी वाकून पाहिले. मग हळू आवाजात, तात्यांच्या अंगावरून, मला विचारले, 'कवापासनं झालं गं हे?'

'अहो काय झालं न्हाई!' तात्या म्हणाले. 'मी तपासनी करतोय.'

व्याह्यांनी माझ्याकडे पाहून दुःखाने मान हलवली. 'वाचा हाय अजून. त्येवढं बरं हाय.' मग पुन्हा मलाच, 'वळखत्यात का मानसं?'

'मला इचारा की राव! हिथं हाय मी!'

'व्हय व्हय, तात्या, तुमी पडा. तरास घिऊ नका,' व्याही जसे लहान मुलाशी बोलावे तसे मोठ्याने आणि सावकाश म्हणाले, आणि त्यांचा खांदा थोपटला. मला म्हणाले, 'आमाला काई कळवलंच न्हाई म्हनून रागावलो असतो. पन आता काय बोलायचं. भाकरी खात्यात का? का पातळच देता?'

तात्यांनी उठायचा प्रयत्न केला. पट्टा होता आणि गुडघे छातीपेक्षा उंच होते. त्या स्थितीत माणसाला संताप करता येतो, पण तो कुणाला दिसत नाही. मी तोंडावर चादर ओढून घेतली होती. व्याह्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. नातवाला शाळेत कसलेसे बक्षीस मिळाले होते, तेच सांगायला ते आले होते. 'आता अशा वक्ताला कसं सांगावं,' ते म्हणाले, 'पन गोड बातमी हाय. तात्या, तोंड उघडा. आ करा.' आणि त्यांनी पेढा तात्यांच्या ओठांशी नेला.

त्यानंतर मी तात्यांचे जे तोंड पाहिले ते विसरणार नाही. पेढा समोर असताना ते बंद झालेले मी तरी पहिल्यांदाच पाहत होते. ओठ घट्ट, दात घट्ट, डोळे विस्फारलेले. व्याही प्रेमाने आणखी जोर लावत होते. तात्यांनी मान या बाजूला फिरवली, त्या बाजूला फिरवली आणि मिटल्या दातांतून ओरडले, 'आदी सरळ करा! अहो, आदी सरळ करा मला!'

आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने तांब्या खाली ठेवला, दांडी धरली, लिव्हर दाबला. तात्या सावकाश वर आले. फेटा नाकावर होता. लांब मोटरीची घरघर चालू होती. तात्यांनी फेटा मागे सारला, व्याह्यांच्या हातून पेढा स्वतःच्या हातात घेतला, त्याच्याकडे थोडा वेळ पाहिले आणि न खाता हाताच्या पट्टीवर, मांजराच्या शेजारी ठेवला. मग आईकडे पाहून, माझ्याकडे नव्हे, थेट आईकडे पाहून म्हणाले, 'तिच्याबद्दल असंच इचारत असतील का गं लोकं? ती हिथं असताना?'

आईने नुसता पदर सारखा केला. त्या दिवशी व्याह्यांसाठी तिने मासवड्या केल्या, आणि बेसनाची पोळी थापतानाचा आवाज मी जेवढा ओळखते त्यावरून सांगते, ती आनंदात होती.

आता माझ्याकडे दुसरी खुर्ची आहे, तिसरी खरे तर. केस पांढरे झाले, जुन्नरच्या वाचनालयात मी वर्षानुवर्षे नोकरी केली, निवृत्तही झाले. पण कलत्या खुर्चीचा लिव्हर अजून मागेच असतो. बसणाऱ्याच्या हाताला लागत नाही. मी कशाकडे बघायचे, आभाळाकडे की माणसाकडे, हे अजून माझ्या पाठीमागे उभा असलेला माणूस ठरवतो. जे सांगून कलवतात ते थोडे. जे न सांगता कलवतात त्यांत शिकलेल्यांची संख्या कमी आहे असे मला आढळले नाही. आणि बँकेत, दवाखान्यात, लग्नात, अजूनही माझ्या डोक्यावरून विचारणा होते, 'सही करतील का त्या?' मी उत्तर देते. बहुतेकांना खुर्ची बोलल्याचा धक्का बसतो.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी अण्णांच्या टोमॅटोच्या टेम्पोतून आम्ही निघालो. पुढे आईच्या मांडीवर मी, मागे कॅरेटांच्या मधे दोरीने बांधलेली खुर्ची. फेटा वाऱ्याने उडू नये म्हणून एका हाताने धरून तात्याही मागेच. लिंबू-मिरची त्यांनी निघतानाच तोडून टाकली होती. 'चाकात आडकती,' म्हणाले. फाटकाशी टेम्पो थांबला. फाटकात टेबल होते. टेबलावर सतरंजी. प्राचार्य, शाल, हार, फोटोवाला, आणि पेढ्यांचा बॉक्स. मला वाटले, तात्यांनीच ठरवले असणार. आजही मला त्याची खात्री आहे.

खुर्ची उतरवली, तिला टोमॅटोचा वास येत होता. आईने मला बसवले, पट्टा बांधला. प्राचार्य पुढे आले, आईकडे पाहून म्हणाले, 'मुलीला सत्कार चालेल ना?'

'तिला इचारा,' तात्या म्हणाले.

प्राचार्यांनी मला विचारले. मी म्हणाले, 'वर्ग सुरू झालाय का?' तो झाला होता. प्राचार्य गडबडले, हार पुढे केला. तात्यांनी तो वरच्या वर घेतला आणि दांडीवर नव्हे, फाटकाच्या खिळ्याला अडकवला. शाल आईच्या हातात दिली. फोटोवाला म्हणाला, 'सर, पेढा. पेढा भरवा, फोटो घेतो.' प्राचार्यांनी पेढा उचलला. मी सरळच बसले होते, भीती नव्हती. तरी माझे ओठ आपोआप मिटले.

'थांबा,' तात्या म्हणाले, 'त्यो हिकडं द्या.'

'तात्या, तुमची साखर!' आई म्हणाली. थेट त्यांना. सगळ्यांदेखत.

'कुनाचं तरी तोंड गोड व्हायला पाह्यजेलच की, न्हाईतर मानूस नाराज व्हतो,' तात्या गंभीरपणे म्हणाले, आणि पेढा तोंडात टाकला. आईने ब्रेक काढले, मला सांगितले 'निघालो गं', आणि ढकलायला लागली. मागे फ्लॅश उडाला. मान वळवता येण्याइतके बळ मला त्या दिवशी होते, म्हणून मी पाहिले: तात्या एकटेच फाटकात, तोंड भरलेले, आणि फोटोसाठी अगदी ताठ, सरळ उभे.